कच्चे टाके

"खिडकीकडची खाट तुम्ही घ्या, मास्तर. मला खिडकी चालत नाही. ड्रायव्हरला खिडकी दिली की तो रस्त्याकडेच बघत बसतो."

असं म्हणून त्याने आपली बॅग दाराजवळच्या खाटेवर टाकली आणि तिच्याशेजारी स्वतःही बसला. खाट करकरली. तो जाडजूड माणूस होता, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. खाली नाव सांगताना मी सुईदोऱ्याचं काम करतो हे त्याने ऐकलं आणि जिना चढेपर्यंत मला मास्तर करून टाकलं. मी रफूगार आहे. फाटलेलं कापड असं जोडायचं की ते फाटलं होतं हे कळू नये, एवढंच माझं काम. पण लोकांना सगळे सारखेच.

"पोरगी आलीये ना तुमची? खाली म्हणत होते."

"आलीये. मागच्या बसने."

"एकाच शहरातून दोन बस केल्यात?"

"हो."

त्याने पुढे विचारलं नाही. त्याचा मुलगा गेला होता. माझी बायको. शिबिर आमच्यासारख्यांसाठीच होतं. आमच्या ज्यू समाजातल्या काही मंडळींनी मिळून ते सुरू केलं होतं. घरात कुणी गेलेलं असेल त्या कुटुंबाने शुक्रवारी दुपारी यायचं, रविवारी परत जायचं. एरवी ती जागा म्हणजे शाळेच्या मुलांचं वसतिगृह, म्हणून खाटा आखूड होत्या. झोपायच्या खोल्या पुरुषांच्या आणि बायकांच्या वेगळ्या. मोठ्यांची बैठक एका खोलीत, तरुणांची अंगणापलीकडच्या दुसऱ्या खोलीत.

बोलता बोलता मी खिडकीच्या पडद्याची कड हातात धरली होती. ती अर्धी उसवलेली होती. मला कळलंही नव्हतं.

"राहू द्या ते," ड्रायव्हर म्हणाला. "थोड्या वेळात शब्बाथ लागेल, मग उद्या संध्याकाळपर्यंत सुईला हात लावायचा नाही. आणि आपण इथं स्वतः दुरुस्त व्हायला आलोय, दुरुस्त्या करायला नाही."

मी पडदा सोडला.

बायको गेली तेव्हा कबरस्तानात हज़्ज़ानांनी, म्हणजे आमच्याकडे प्रार्थना चालवतात त्यांनी, माझ्या सदऱ्याला उजव्या बाजूला ब्लेडने छोटी चीर दिली आणि म्हणाले, "आता हाताने ओढा." मी ओढली. मग ते मुलीकडे वळले. तिने करड्या रंगाचं लोकरी जाकीट घातलं होतं, बिनकॉलरचं. तिला पहिली नोकरी लागली तेव्हा तिच्या आईने घेऊन दिलेलं. अशा दिवशी लोक जुनंपानं घालतात, कारण ते फाडायचं असतं. घरून निघताना मी तिला म्हटलंही होतं, "दुसरं काहीतरी घाल." ती म्हणाली होती, "हेच."

आईबापासाठी फाड डाव्या बाजूला असते, हृदयावर. तिने गळ्यापासून खाली चार बोटं ओढलं. लोकरी कापड फाटताना फारसा आवाज करत नाही, पण मी तो ओळखतो.

नंतर हज़्ज़ानांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन रीत सांगितली. बायकोसाठीची फाड महिन्यानंतर नीट शिवायला हरकत नाही. आईसाठीची कधीच नाही. महिन्यानंतर फार तर कच्चे टाके घालायचे, वेडेवाकडे, कापड पुढे फाटू नये एवढ्यापुरते. पण फाटलंय हे दिसत राहिलं पाहिजे. हे मला नवीन नव्हतं. माझ्या वडिलांच्या वेळचा माझा सदरा अजून ट्रंकेत आहे. त्यावर काळे टाके आहेत, मुंग्यांच्या रांगेसारखे.

महिना झाला. एका रविवारी मी माझा सदरा मशीनवर घेतला आणि चटकन शिवून टाकला. मग बसून राहिलो. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती. तिचं जाकीट माझ्या टेबलासमोरच्या खुंटीवर होतं, फाटलेल्या जागी सेफ्टी पिन लावलेलं. दुकान आणि घर आमचं एकच आहे, पुढे टेबल आणि मागे चूल. त्या खुंटीवर जे फाटलेलं आलं ते मी आयुष्यभर खाली घेतलं आहे आणि जोडलं आहे. मी उठलो आणि जाकीट खाली घेतलं.

रीत विसरलो होतो असं नाही. पण हातात काम आल्यावर डोकं शांत झालं. ते शांत झालंय हे लक्षात आल्यावर मला काम सोडवेना. अस्तर उसवलं. आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे काढले. आधी उभे भरले, मग आडवे, एक वर एक खाली. उजेड कमी झाला तेव्हा मान वर केली आणि जाणवलं, की सकाळपासून मला हॉस्पिटलची ती खोली एकदाही आठवली नव्हती. अस्तर बंद केलं, जाकिटाला इस्त्री केली आणि पुन्हा खुंटीवर लावलं.

मुलगी आली. पाणी प्यायली. मग खुंटीपाशी गेली. तिने जाकिटावरून हात फिरवला, उलट केलं, सुलट केलं. टेबलावर पडलेली सेफ्टी पिन बघितली.

"बाबा, हे काय केलंत?"

"नीट केलं."

"नीट?"

मी इस्त्रीची वायर गुंडाळू लागलो.

"तिच्यासाठी मी एवढंच केलं होतं. दुसरं काही करताच आलं नाही मला. तेपण तुम्ही पुसून टाकलंत?"

त्याच संध्याकाळी ती कपडे भरून मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. जाकीटही नेलं. त्यानंतर फोनवर बोलणं होई, म्हणजे मी "जेवलीस का" विचारायचं आणि तिने "हो" म्हणायचं. शिबिराचं तिनेच ठरवलं होतं, स्वतःसाठी. शिबिर चालवणाऱ्या ताईंनी मला वेगळा फोन करून विचारलं, तुम्हीही येता का. मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "या. बसायचं वेगळंच आहे."

मला शिबिरातून दुसरं काही नको होतं. रविवारी परतीच्या बसमध्ये तिने तिच्या स्टॉपवर न उतरता माझ्याबरोबर घरापर्यंत यावं, एवढंच.

*

पहिल्या बैठकीला खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. ताई पूर्वी नर्स होत्या. आवाज न चढवता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायच्या.

"आपली रीत सगळ्यांना माहीत आहे," त्या म्हणाल्या. "दुःखाच्या घरी गेलं की आपण आधी बोलत नाही. ज्याचं माणूस गेलंय तो बोलला की मगच आपण बोलतो. इथंही तसंच. कुणावर जबरदस्ती नाही."

"पण ताई," ड्रायव्हर म्हणाला, "इथं सगळ्यांचंच कुणी ना कुणी गेलंय. मग सुरुवात करायची कुणी?"

दोघं-तिघं हसले. मग बराच वेळ खुर्च्यांचे पाय आणि खोकले एवढंच ऐकू येत होतं.

शेवटी ड्रायव्हरची बायको बोलली. बारीक बाई, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेली. "त्याचे बूट," ती म्हणाली. "दारात आडवे टाकायचा. मी रोज अडखळायची, रोज ओरडायची. आता मीच ते आडवे ठेवते. रात्री उचलते, सकाळी ठेवते."

"तू ठेवतेस?" ड्रायव्हरने वळून तिच्याकडे बघितलं. "अगं, परवा मी पडलो त्यांच्यावरून!"

"माहितेय."

"मला वाटलं, मीच वेडा व्हायला लागलोय. वाटलं, उचलायचे राहूनच गेले असतील."

"ओरडलात का पण?"

ड्रायव्हरने मान हलवली. "नाही. उचलून सरळ ठेवले."

"मी परत आडवे केले," ती म्हणाली.

तेवढ्यात अंगणापलीकडच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. तरुण पोरं एकदम हसली होती, आणि त्यात तिचं हसणं होतं. ते मी शंभरांत ओळखेन. नाकातून सुरू होतं. लहानपणी तिने नाकात बटण घातलं होतं. ते निघता निघेना, तेव्हापासून तिची आई तिला बटणच म्हणायची. आई गेल्यापासून मी तिला हसताना ऐकलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. मी खुर्चीच्या गादीतून निघालेला एक धागा बोटाला गुंडाळत बसलो.

शनिवारी दुपारी जेवणाच्या खोलीत ती ताट घेऊन पोरांच्या टेबलाकडे चालली होती. ड्रायव्हरने हाक मारली.

"अगं ए, मास्तरांची पोर ना तू? इकडं बस की. आम्हा म्हाताऱ्यांना काय रोग झालाय?"

"अहो, राहू द्या," मी म्हणालो.

पण ती आली. मोठ्या माणसाने बोलावल्यावर नाही म्हणायचं नाही, हे वळण तिच्या आईने तिला लावलं होतं. समोर बसली. वाळली होती. ड्रायव्हरच्या बायकोने न विचारता आपल्या पुढ्यातली भाकरी तिच्या ताटात ठेवली. ती खाऊ लागली.

"प्रेशरच्या गोळ्या घेता ना?" तिने ताटात बघतच विचारलं.

"घेतो."

"डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात?"

"जाईन."

"जाईन काय. सुईत दोरा कोण ओवून देतं आता?"

"आईने ओवून ठेवलेत."

तिचा हात थांबला.

रफूसाठी चष्म्यावर भिंग लावलं की मला जमतं, आणि कापडातून काढलेला धागा आधीच ओवलेल्या दोऱ्याच्या फासात अडकवून ओढता येतो. पण सुईचं नाक मला बऱ्याच वर्षांपासून दिसत नाही. ते काम माझ्या बायकोचं. ती गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी बोलायची आणि बोलता बोलता सुया ओवून सुयांच्या उशीत टोचून ठेवायची. हॉस्पिटलात भरती व्हायच्या आदल्या दुपारी तिने घरातल्या सगळ्या सुया घेतल्या आणि ओवल्या. काळे, पांढरे, करडे, निळे, खाकी. उशी गच्च भरली. म्हणाली, "मी येईपर्यंत पुरतील."

तेव्हा मुलगी कामावर होती. तिला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं.

"किती उरल्यात?" तिने विचारलं.

"थोड्या आहेत. मी दोरा तोडताना अगदी टोकाला तोडतो."

"त्या संपल्या की?"

"मग बघू."

तिने ताट पुढे सरकवलं. "मी जाते. तिकडं वाट बघतायत." उठली, दोन पावलं गेली आणि परत वळली. "बाबा, बैठकीच्या खोलीतून सारखं आमच्या खिडकीकडे बघू नका. पोरं विचारतात."

"बरं."

ती गेल्यावर ड्रायव्हर भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "मास्तर, बोलते तरी आहे हो. आमचा तर तेवढंही बोलत नाही." आणि स्वतःच हसला. त्याच्या बायकोने टेबलाखाली त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

संध्याकाळी, शब्बाथ सुटायच्या सुमारास, ताई व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसल्या.

"उद्या सकाळी सगळे एकत्र बसणार," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने गेलेल्या माणसाची एक वस्तू आणायची, हे सांगितलं होतं तुम्हाला."

"सुयांची उशी आणलीये."

"मुलगी जाकीट आणतेय. तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं, असं वाटलं."

मी अंगणाकडे बघत राहिलो. "सगळ्यांसमोर?"

"हो."

"तिला नको म्हणाल का?"

"नाही. मी तिला अडवणार नाही."

"बरं."

"तुम्हाला काय हवंय, मास्तर? खरं सांगा."

"तिने घरी यावं."

"ते माझ्या हातात नाही," ताई म्हणाल्या. उगाच धीर दिला नाही, म्हणून मला त्या आवडल्या.

*

रविवारी सकाळी दोन्ही खोल्यांतली माणसं एका मोठ्या खोलीत बसली. ड्रायव्हरने पिशवीतून हेल्मेट काढलं. काळं, चकचकीत.

"बघून घ्या," तो म्हणाला. "एक ओरखडा नाही ह्याच्यावर. कारण हे घरी होतं. कोपऱ्यापर्यंत तर जायचं होतं त्याला." ड्रायव्हरच्या बायकोने हेल्मेट आपल्या मांडीवर घेतलं आणि पर्सशेजारी धरून ठेवलं.

मी उशी दाखवली. सुया ओवलेल्या आहेत आणि कुणी ओवल्या, एवढं सांगितलं.

मग मुलगी उठली. तिने जाकीट दोन्ही खांद्यांना धरून समोर पसरलं, दुकानात गिऱ्हाइकाला दाखवतात तसं. तिची आई दाखवायची तसं.

"आईसाठी मी हे फाडलं होतं," ती म्हणाली. "कबरस्तानात. आता कुठं फाडलं होतं, ते शोधा."

आणि शेजारच्या पोराच्या हातात दिलं.

जाकीट गोलात फिरू लागलं. प्रत्येकजण बोटं फिरवून बघत होता. काहीजण उजेडाकडे धरत. एका बाईने डोळे मिटून चाचपलं. कुणाला काही लागेना. "अरे, काय हात आहे!" कुणीतरी म्हणालं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जाकीट पुढे देता देता वाकून मला हळूच विचारलं, "माझाही एक कोट आहे हो, कसरीने खाल्लेला. तुमचं दुकान कुठं आहे?" आयुष्यभर मी अशी शाबासकी ऐकली आहे आणि प्रत्येक वेळी मला आवडली आहे. त्या सकाळी मान वर करवेना.

जाकीट माझ्याकडे आलं.

मी ते मांडीवर घेतलं. जागा मला ठाऊक होती. डावी बाजू, गळ्यापासून खाली. चष्म्यावर भिंग चढवलं. बोट गळ्यापाशी ठेवलं आणि खाली आणलं. पुन्हा वर नेलं. पुन्हा खाली आणलं. खिडकीपाशी जाऊन तिरकं धरलं. सगळीकडे कापड सारखं होतं. माझंच काम, माझ्याच हाताखाली, आणि मला सापडेना.

"सापडलं?" मुलीने विचारलं.

"नाही."

"तुम्हालापण नाही?"

"नाही."

तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटतं, इतके दिवस ती रागावली होती ते कुठेतरी या भरवशावर, की बाबांना तरी ती जागा माहीत आहे. "म्हणजे गेलीच," ती म्हणाली. ती खाली बसली.

"आतून सापडेल," मी म्हणालो.

बैठक मोडली. ताईंनी आम्हाला जेवणाच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं आणि स्वयंपाकघरातली मोठी कात्री आणून दिली. मी ती बाजूला ठेवली. माझी छोटी कात्री माझ्या खिशात असते. अस्तराची शिवण मी खालून उसवली आणि अस्तर वर दुमडलं.

आतल्या बाजूला रफूच्या धाग्यांची टोकं सोडावी लागतात. कापली की काम सुटतं. करड्या कापडावर ती करडी टोकं उभी होती. गळ्यापासून खाली चार बोटं, दोन्ही काठांनी.

तिने त्यांवर बोट ठेवलं. "हीच?"

"हीच."

"ही तर वाकडी आहे."

"तू तशीच ओढली होतीस. हात थरथरत होता तुझा."

ती बघत राहिली. मी सुई घेऊन पहिलं टोक उचलायला गेलो, तशी तिने माझं मनगट धरलं.

"तुम्ही नको. मी काढते. कसं काढायचं ते सांगा."

"आडवे आधी. टोक धरून ओढू नकोस, कापड गोळा होईल. सुईने खालून उचल आणि मग काढ."

पहिला धागा निघायला वेळ लागला. दुसरा जरा लवकर. ती वाकून काम करत होती आणि मी अस्तर वर धरून बसलो होतो, म्हणजे तिला उजेड मिळेल. इतकं चांगलं काम माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. पुढे होईल असं डोळ्यांकडे बघून वाटत नाही. निघालेले धागे ती टेबलाच्या कडेला ठेवत होती आणि ते बारीक, नागमोडी होऊन पडत होते.

"हा धागा कुठून घेतलात?"

"बाजूच्या शिवणीतून. ह्याच जाकिटाचा आहे."

"किती वेळ लागला?"

"सबंध दिवस."

"रडलात?"

"नाही. त्या दिवशी नाही."

तिने आणखी दोन-तीन धागे काढले. मग मान वर न करता म्हणाली, "मलापण असा एक दिवस हवा होता, बाबा. तुम्ही एकट्याने घेतलात."

अस्तर धरून हात भरून आला होता, तरी मी तो हलवला नाही.

आडवे संपले. उभे धागे काढता काढता कापड आपोआप उघडू लागलं. आता काठ दशा सुटलेले होते, आणि फाड कबरस्तानात होती त्याहून रुंद दिसत होती. तिने दोन बोटं त्यातून आरपार घातली आणि तशीच बसली. तिच्या खांद्यांवरून मला कळलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ड्रायव्हर आणि त्याची बायको बॅगांवर बसले होते, मध्ये हेल्मेट.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. "आता काय?"

"कच्चे टाके. नाहीतर खाली फाटत जाईल." मी उशी तिच्यापुढे ठेवली. "आईच्याच ओवलेल्या आहेत. काळा घे."

तिने उशी फिरवून बघितली आणि पांढऱ्या दोऱ्याची सुई उपसली.

"पांढरा दिसेल," मी म्हणालो.

"दिसू दे."

तिला शिवता येत नाही. घरात एकजण शिवणारा पुरे, असं तिची आई म्हणायची. तिने घातलेला पहिला टाका बोटभर लांब होता, दुसरा नखाएवढा. गाठ मारायची राहिली होती म्हणून पहिला निसटला. तो तिने पुन्हा घातला. एकदा सुई बोटात गेली. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसलो. शेवटी तिने तीन-तीन गाठी मारल्या आणि दोरा दाताने तोडला. रिकामी सुई उशीत परत टोचली.

अस्तर मात्र मी बंद केलं. ते तिने करू दिलं.

*

परतीची बस सगळ्यांची एकच होती. ड्रायव्हर आणि त्याची बायको आमच्या मागच्या बाकावर होते. वळणावर बस जोरात घेतली की तो दातओठ खात म्हणे, "कुणी लायसन दिलं ह्याला!" मग पुढे वाकून त्याने जाकिटाकडे बघितलं.

"पोरी, बापाच्या दुकानासमोरून हे घालून जाऊ नकोस हं. गिऱ्हाईक पळेल."

ती हसली. नाकातून सुरू झालं आणि लगेच थांबलं.

ती माझ्या शेजारी बसली होती, खिडकीकडे. जाकीट तिने अंगावर घातलं होतं. शहर लागलं. दुकानं, पूल, सिग्नल. तिचा स्टॉप आधी येतो. ती उठून उभी राहिली आणि तिने बॅग खांद्याला लावली. मी पाय आत घेतले, तिला जाता यावं म्हणून.

"घरी..." मी म्हणालो.

"नाही, बाबा. अजून नाही." तिने वरचा दांडा धरला होता. "त्या खुंटीसमोर मला बसवत नाही."

"बरं."

"डॉक्टरकडे जा."

"जातो. बटण, जपून उतर."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दाराकडे गेली.

मी खिडकीकडे सरकलो. ती फुटपाथवर उतरली, बसकडे तोंड करून उभी राहिली आणि बस निघेपर्यंत हलली नाही. करड्या कापडावर पांढरे टाके, एक लांब, एक आखूड, एक तिरका. येणारेजाणारे बघत होते. माझ्या हाताखालून गेलेलं कापड असं कधी रस्त्यावर गेलं नव्हतं. बस पुलावर चढली, तिचा चेहरा दिसेनासा झाला, तरी टाके दिसत होते.